बिब्ब्याची खूण

नाताळ अंकासाठी सेवेतले अनुभव लिहून द्या, असं पाळकसाहेबांनी सांगितलं तेव्हा मी सवयीप्रमाणे आधी यादी केली. रोग्याचे प्राण वाचवल्याचे अनुभव: नाहीत, ते डॉक्टरबाईंकडे. गावोगाव फिरून प्रभूचं वचन सांगितल्याचे अनुभव: नाहीत, ते बायबलबाईंकडे. चादरी: पुष्कळ.

तेव्हा चादरींबद्दलच लिहिते. ज्यांना काही उंच, गंभीर वाचायचं असेल त्यांनी पान उलटावं, मला राग येणार नाही.

मी आमच्या दवाखान्याच्या कापडखोलीची प्रमुख आहे. प्रमुख म्हणजे मी आणि चार कपाटं. ज्या वर्षी आमचा यवतमाळ जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्या वर्षी मी इथे आले. पस्तिशी गाठलेली, मागेपुढे कुणी नाही. मनात एकच होतं, बायबलबाई व्हायचं. पांढरं पातळ, काखेत पिशवी, दारव्ह्यापासून बोरी अरबपर्यंत एकेक गाव पायाखाली घालायचं. दवाखान्याच्या मंडळानं माझा अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा अर्ज पाहिला. अध्यक्ष म्हणाले, "तुमचं अक्षर फार नेटकं आहे हो." आणि माझ्या हातात कापडखोलीची किल्ली दिली.

मी त्या संध्याकाळी रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटं उघडली आणि रडायला वेळच उरला नाही. उशांच्या अभ्र्यांत बाळांची दुपटी, दुपट्यांत ऑपरेशनचे रुमाल, आणि सगळ्यांच्या खाली मांजरीची तीन पिल्लं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चादर धुतली, वाळवली, घातली. तसं नाही. रक्ताचं कापड आधी गार पाण्यातच भिजवावं लागतं. गरम पाण्यात टाकलं तर डाग जन्माचा बसतो. पुवाचं वेगळ्या हौदात, बाळांचं वेगळ्या. मग सोड्याची भट्टी, मग नाल्यावरचा दगड, मग नीळ, मग ऊन. दवाखान्यात औषधाइतकंच ऊन लागतं, फक्त त्याची बाटली मिळत नाही. रोग्याच्या अंगावरचे कपडेही आम्ही उकळून घेतो, कारण रोग्याबरोबर उवाही भरती होतात. उकळण्याआधी लुगड्याच्या पदराची गाठ सोडायची, हा माझा नियम. त्या गाठींतून आजवर निघालेल्या वस्तू: सुपारीची खांडं, कोठीची किल्ली, बाळाची सुकलेली नाळ, गुळाचा खडा, देवीचा अंगारा, आणि एकदा एक जिवंत मुंगळा, जो मला चावला. प्रत्येक वस्तू मी डबीत घालून वर नाव लिहून ठेवते. बाई घरी निघाली की आधी डबी मागते, मग औषध.

धुण्याचं काम डोमाजी वरठ्याकडे. वरठी म्हणजे आमच्याकडचा परीट. डोमाजी साठीचा, गुडघ्यापर्यंत धोतर, बोलणं तोंडावर. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं, "बाई, तुमाले धुनं समजते का नुसतं लिवनं?"

"शिकेन," मी म्हटलं.

"शिकसान. पन पयले चष्मा कपायावरून डोयावर घ्या."

डोमाजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आठ घरांचे आणि एका दवाखान्याचे कपडे त्याच्या हातून कधी अदलाबदल झाले नाहीत. त्याची रीत परंपरेची. बिब्ब्याच्या फळाला सुई टोचायची, सुईवर जो काळा चीक येतो त्यानं कापडाच्या कोपऱ्यावर खूण करायची आणि वर ओला चुना दाबायचा. कापड फाटेल, खूण जाणार नाही. पाटलाच्या घराला दोन ठिपके, मास्तरांना एक रेघ, दवाखान्याला तीन ठिपके. बिब्बा अंगावर उततो, फोड येतात, म्हणून तो बोटांना आधी खोबरेल लावायचा.

ही पद्धत उत्तम होती. म्हणून मी ती सुधारली.

नेटक्या माणसांना हा रोग असतो. जे चाललेलं आहे ते कागदावर बसत नसेल तर त्यांना झोप लागत नाही. मी ठरवलं: पुरुषांच्या खोलीला गोल, बायकांना त्रिकोण, बाळांना ठिपका. आणि प्रत्येक खुणेवर एक लहान क्रूस, गव्हाच्या दाण्याएवढा. डोमाजीला सांगितलं, गावच्या कपड्यांत आपले कपडे मिसळू नयेत म्हणून. हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. खरं असं की, मला गावोगाव जायला मिळालं नव्हतं, तर निदान माझ्या हातून जाणाऱ्या प्रत्येक कापडावर प्रभूचं चिन्ह गावोगाव जावं. रोग्याच्या स्वतःच्या धोतरावर, लुगड्यावरही. आठ दिवस मी स्वतः बसून खुणा केल्या. खोबरेल लावायचं विसरले. मनगटापर्यंत बिब्बा उतला, हात वांग्यासारखा सुजला, आणि तेही मी प्रभूसाठी सोसलेलं दुःख म्हणून मनातल्या मनात मांडून ठेवलं.

डोमाजी एवढंच म्हणाला, "बाई, आपल्या चादरीवर काय करता थे करा. लोकायच्या कपड्यावर तीन ठिपके बस होते."

मी ऐकलं नाही.

पहिला इशारा बशीर मिस्त्रीनं दिला. मोटारीचं इंजिन पडून हात मोडलेला, हसरा माणूस. घरी जाताना त्यानं आपला धुतलेला कुर्ता उलटसुलट केला आणि माझ्यापुढे धरला. "बाईजी, हे काय? येत्या जुम्म्याले नमाजले हाच घालून जाऊ काय? मौलवीसाब मले पयल्या रांगेतून उचलून थेट तुमच्या गिरजाघरात आनून सोडतीन!"

सगळी खोली हसली. मीही हसले. तो हसत हसतच बायकोकडे वळून म्हणाला, "घरी गेल्यावर कोपरा कापून टाक." ते वाक्य मी ऐकलं, पण ते कोणत्याच यादीत लिहिलं नाही.

मग सकरी आली.

सकरी बंजारा. दोन कोसांवरच्या तांड्यातली, वीस-बावीस वर्षांची. कापूस वेचताना पायात बाभळीचा काटा मोडला, तिनं तो तसाच ठेवून वेचणी पुरी केली. आली तेव्हा पोटरीपर्यंत पाय सडत आला होता. डॉक्टरबाईंनी चिरा दिला, पू काढला, पेनिसिलीन सुरू केलं, आणि रोजची मलमपट्टी. सकरीला दवाखान्याचं पातळ नेसायला सांगितलं तर तिनं तोंड फिरवलं. तिचा फेटिया, म्हणजे तिच्या पद्धतीचा घेरदार घागरा, तोच पाहिजे. काठाला पिवळी पट्टी, त्यावर आरशाचे तुकडे, कवड्या, लाल-हिरव्या दोऱ्याचं भरतकाम. डोमाजी म्हणाला, "याले भट्टीत टाकसान तर सारा रंग उतरन." मी उकळू दिला नाही. गार पाण्यात रिठ्यानं स्वतः धुतला, सावलीत वाळवला. मोठी काळजी घेतली. आणि पिवळ्या पट्टीवर, जिथे दोन आरशांमध्ये थोडी मोकळी जागा होती, तिथे त्रिकोण काढून वर क्रूस काढला.

सकरीची सासू रोज भाकरी घेऊन यायची. तांड्यात तिला सगळे याडी म्हणत, याडी म्हणजे आई. हातभर पांढऱ्या बांगड्या, कपाळावर झुलणारे चांदीचे दागिने, आवाज असा की बाळंतिणींच्या खोलीतली बाळं जागी व्हायची. फेटिया पाहिल्यावर मात्र तिचा आवाज खाली आला.

"हे काहून केलं?"

मी समजवायला लागले: खूण आहे, अदलाबदल होऊ नये म्हणून.

"आमचा फेटिया कोनाच्या फेटियात मिसयन? हाय का दुसरा इथं?"

नव्हता. संबंध दवाखान्यात एकच होता.

"आमच्या सुनेले न विचारता बाटवून राह्यली का तू?" ती म्हणाली, आणि दुपारपर्यंत सकरीला बंडीत, म्हणजे बैलगाडीत, घालून घेऊन गेली. सकरी रडत होती, वेदनेनं की कशानं, मला कळलं नाही.

डॉक्टरबाईंनी मला बोलावलं. त्या कधी ओरडत नसत, म्हणून जास्त भीती वाटायची. "अजून आठ दिवस पट्टी आणि इंजेक्शनं मिळाली नाहीत तर पाय कापावा लागेल. उशीर झाला तर कापूनही उपयोग नाही. मी गेले तर ते मला दारात उभं करणार नाहीत. त्यांना वाटतं हे दवाखान्याचं कारस्थान आहे. खूण तुमची. तुम्ही जा."

मी त्या संध्याकाळी पाच मुद्दे लिहून काढले. एक, गैरसमज. दोन, दवाखान्यात कुणावर धर्माची सक्ती नाही. तीन, पायाची स्थिती. चार, फेटिया नवा घेऊन देऊ. पाच, प्रार्थना, मनातल्या मनात. सकाळी डोमाजीच्या बंडीत बसले. वाटभर मी कागद वाचत होते.

"काय लिवलं?" त्यानं विचारलं.

मी वाचून दाखवलं. तो बैलांना हाकत ऐकत राहिला. मग म्हणाला, "यात 'चुकलं' कुठं हाय?"

मी कागद पुन्हा पाहिला. नव्हतं.

तांड्याचा मुखिया, नायक, कडुनिंबाखाली बाजेवर बसला होता. बायका घरांच्या दारांत. मी उभीच राहिले, कुणी बस म्हटलं नाही. याडी आतून आली आणि फेटिया माझ्या पायांपुढे टाकला. "काढ थे."

"ते निघत नाही," मी म्हटलं. "बिब्बा आहे."

"मंग कायले आली?"

मी कागद पदराखाली सारला. म्हटलं, "माझी चूक झाली. डॉक्टरबाईंनी सांगितलं नव्हतं, कुणीच सांगितलं नव्हतं. मला वाटलं, माझा देव मला आवडतो तर तुमच्या कपड्यावर काढावा. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं. मी विचारलं नाही."

नायकानं डोमाजीकडे पाहिलं. "खरं बोलून राह्यली का हे?"

"आता बोलून राह्यली," डोमाजी म्हणाला. "पयले म्या सांगतलं तं ऐकत नवती. शिकली हाय ना."

दारातल्या बायका खुदकन हसल्या. पण याडी हसली नाही. ती आत गेली, सुई, दोरा आणि नखाएवढा आरशाचा तुकडा घेऊन आली आणि माझ्या हातात दिला. "तू केलं, तूच झाक."

मी जमिनीवर बसले. आजवर हजारो चादरींना शिवण घातली होती, पण आरसा बसवणं निराळं. त्याला भोक नसतं. आधी त्याच्यावरून दोरे टाकून तो धरून ठेवावा लागतो, दोन आडवे, दोन उभे, आणि मग त्या दोऱ्यांत सुई गुंतवत गुंतवत काठानं गोल कडी विणायची. पहिल्यांदा आरसा निसटून धुळीत पडला. दुसऱ्यांदा दोरा गुंतला. याडीनं कात्रीनं कापून टाकला. "पुन्ना." एक बाई म्हणाली, "हिले मलमपट्टीवाले लोक कसे ठेवतेत?" दुसरी म्हणाली, "चादरच शिवत असन, आरसा कुठं शिवते!"

त्यांच्या हसण्याचं मला काही वाटत नव्हतं. माझ्या सुईखाली क्रूस होता आणि मी तो झाकत होते. प्रभूला धरून नेलं त्या रात्री त्याच्याच शिष्यानं, पेत्रानं, शेकोटीजवळ 'मी त्याला ओळखत नाही' म्हटलं, तसंच हे मी करते आहे का? मी थांबले. आतून सकरीच्या कण्हण्याचा आवाज आला. मी पुन्हा दोरे टाकले, दोन आडवे, दोन उभे. क्षणभर आरशावर दोऱ्यांचे क्रूस दिसले आणि मग कडी विणता विणता काठाकडे ओढले जाऊन नाहीसे झाले. आरसा मात्र घट्ट बसला. त्याचा अर्थ मी तेव्हा लावला नाही. अर्थ लावायची घाई मी एकदा करून बसले होते.

याडीनं पट्टी उन्हात धरली, नखानं आरसा हलवून पाहिला. हलला नाही. "वाकडा हाय," ती म्हणाली. मग आत तोंड करून, "सकरे! तुह्या चादरवालीनं आरसा कसा वाकडा लावला थे पाय!" पाय म्हणजे पाहा.

आतून सकरीचा बारीक आवाज आला, "पाय, याडी? पाय तं मायाच वाकडा हाय."

आता सगळे हसले, नायकसुद्धा. हसणं ओसरल्यावर याडीनं अट घातली: ती स्वतः सुनेच्या खाटेखाली झोपेल आणि सुनेचे कपडे दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार नाहीत. मी म्हटलं, मान्य. फक्त पाय माझ्या चादरीवर राहील आणि चादर रोज बदलली जाईल. याडीनं विचारलं, "त्या चादरीवर?"

"तीन ठिपके," मी म्हटलं. माझ्या क्रूसाआधीच्या काही चादरी अजून कपाटात होत्या.

दुपारी सकरी पुन्हा टेबलावर होती. मदतनीस नर्स बाळंतिणीकडे गुंतलेली, म्हणून डॉक्टरबाईंनी मलाच तसराळं धरायला लावलं. पट्टी सोडल्यावर जो वास आला, तो इथं लिहीत नाही. डॉक्टरबाई धूत होत्या, मी पाणी ओतत होते, मग त्या म्हणाल्या, "पुसा." मी कपाटातून आणलेला रुमाल घेतला आणि तो पाय पुसला, बोटाबोटांमधून, टाचेवरून.

आणि तिथं मला शिष्यांचे पाय धुतल्याची गोष्ट आठवली. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेली. प्रभूनं जेवणावरून उठून रुमाल कमरेला बांधला, पाय धुतले, पुसले. आजपर्यंत मी त्या गोष्टीत पायांकडे आणि पाण्याकडे पाहत आले होते. रुमालाकडे कधी पाहिलंच नव्हतं. तो कुणीतरी धुऊन, वाळवून, घडी घालून त्या खोलीत ठेवला असेल. कुणी ठेवला, त्याचं नाव शुभवर्तमानात नाही. त्याच्या कोपऱ्यावर कसली खूण होती, तेही लिहिलेलं नाही. पण तो स्वच्छ होता, आणि वेळेला हाताशी होता.

बायबलबाई व्हायची माझी इच्छा त्या दिवशी मेली असं म्हणणार नाही. अजूनही कुणी पांढऱ्या पातळात, पिशवी घेऊन निघालेली दिसली की मी फाटकापर्यंत बघत राहते. पण त्या दिवसापासून मी कापडखोलीचं कुलूप उघडताना 'हे काय माझ्या नशिबी' असं म्हणणं सोडलं. त्याऐवजी एक लहान प्रार्थना म्हणते. ती चादरींच्या यादीच्या वरच लिहिलेली आहे: आज ज्याला लागेल, त्याला मिळू दे.

जुन्या क्रूसाच्या खुणा निघणार नव्हत्याच. दवाखान्याच्या चादरींवर त्या राहिल्या, त्या आमच्या होत्या. रोग्यांच्या कपड्यांवर मात्र पुन्हा डोमाजीचे ठिपके आले, तेही विचारून, आणि बिब्ब्याऐवजी दोऱ्यानं, म्हणजे घरी जाऊन ओढून टाकता येतील. बशीर मिस्त्री हाताचं प्लास्टर काढायला आला तेव्हा मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "बाईजी, कोपरा कापला तं रुमाल झाला. बायको खूश हाय."

याडी बोलल्याप्रमाणे खाटेखाली झोपली. रोज सकाळी मी नवी चादर आणली की ती चारही कोपरे तपासायची. तिसऱ्या दिवशी तिनं दोनच तपासले. पाचव्या दिवशी ती चादर घालायला मदत करत होती आणि मला सांगत होती की मी ताणत नाही पुरेशी, सळ राहतो. ती बरोबर होती.

पाय वाचला. डॉक्टरबाईंनी आठ म्हटले होते, लागले अकरा दिवस. सकरी काठी टेकत, मग काठी न टेकता ओसरीवर चालली. निघायच्या दिवशी मी तिची डबी दिली, तिच्या ओढणीच्या गाठीतली एक कवडी. याडीनं सगळं बांधलं, बंडी दारात आली, आणि मग ती परत वळून कापडखोलीत आली. मी यादी करत होते. तिनं कमरेच्या बटव्यातून सुई, दोरा आणि एक आरसा काढला. माझ्या पदराचा कोपरा बोटात धरला.

"लावू काय?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. मी तिला विचारलं नव्हतं, तिनं मला विचारलं. ती तिथंच उकिडवी बसली आणि चार टाके इकडे, चार तिकडे, बोलता बोलता आरसा बसवला. सरळ, अर्थात. "आता हरपली तं आमच्या तांड्यावर आनून सोडतीन," ती म्हणाली.

ते पातळ कधीच विरलं. पण मी आरसा काढून दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर लावत आले आहे, आणि माझा टाका अजून वाकडाच येतो. पहिल्यांदा तो पदर धुण्याच्या गाठोड्यात डोमाजीला दिसला, तेव्हा त्यानं तो उन्हात धरून बराच वेळ पाहिला.

"बरं झालं बाई," तो म्हणाला. "इतके दिस साऱ्यायले खुना करून राह्यल्या होत्या. आता तुमी बी कोनाच्या, थे समजते."